सोंग उतरवताना : पाटाच्या पाण्यावरचा एक खेळ

साक्री तालुक्यातलं पांझरेकाठचं एक गाव, डिसेंबर महिना. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर आणि मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. श्रमदान ठरलं होतं पाटातला गाळ काढण्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोरड्या पाटात एका मुलाने दुसऱ्यावर फावडं उगारलं.

लागलं कोणालाच नाही. दोघेही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे, रोज एकाच एसटीने कॉलेजला येणारे. एक ह्याच गावचा, म्हणजे पाटाच्या शेपटाकडचा. दुसरा तीन-चार किलोमीटर वरच्या गावचा, जिथे पाणी आधी पोचतं. ह्या लेखात मी त्यांना ‘खालचा’ आणि ‘वरचा’ एवढंच म्हणणार आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि घरांचे काही तपशीलही बदलले आहेत.

भांडणाला निमित्त अगदी किरकोळ. गाळाची टोपली उचलता उचलता खालचा म्हणाला, “गाळ आम्ही काढायचा अन् पाणी तुम्ही प्यायचं.” वरचा म्हणाला, “आणि रात्री दारं उचलायला कोण येतं, ते पण सांग की.” दारं म्हणजे पाटाची. ती रात्री उचलणं म्हणजे पाणी चोरणं. मग फावडं.

कार्यक्रम अधिकारी सरांनी दोघांना निंबाखाली नेलं, हातात हात द्यायला लावला, “चला, मिटलं” म्हणाले आणि कोणीतरी फोटोही काढला. सरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. १५ ऑगस्ट २००७ ला महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून, आणि खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून, भांडण म्हणजे मिटवायची गोष्ट असंच आपण शिकत आलोय. किती तंटे आले आणि किती मिटले, एवढं रजिस्टरात लिहिता येतं. मिटल्यावर त्या दोन घरांचं पुढे काय झालं, याला रजिस्टरात रकाना नसतो.

त्या रात्री खिचडीच्या पंगतीत वरच्या गावची मुलं भिंतीकडे बसली आणि खालच्या गावची दाराकडे. वाढपी मधल्या मोकळ्या जागेतून फिरत होते.

मी धुळ्याकडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. शिबिराला मला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ ह्या विषयावर बोलायला बोलावलं होतं. ह्या मथळ्याखाली आपल्याकडे काहीही खपतं, मुलाखतीला टाय कसा बांधावा इथपर्यंत. मी सरांना म्हटलं, भाषण राहू द्या, उद्या सकाळचे दोन तास मला द्या, आपण मुलांना खेळायला लावू. मुलांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणून सांगितलं तर एकाने विचारलं, “मॅडम, फ्री फायरसारखा का?” म्हटलं, नाही, ह्यात मोबाइल लागत नाही. आपल्या भोवाड्यात मुखवटे घालून नाचतात, तसं सोंग घ्यायचं, फक्त मुखवटा नाही.

खेळ असा होता

खेळाची कल्पना माझी नव्हे. सेनेगल नदीच्या खोऱ्यातल्या सिंचन योजनांवर फ्रेंच संशोधकांनी शेतकऱ्यांना असे भूमिकेचे खेळ खेळायला लावले होते. भूतानमध्ये लिंगमुतेचू खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या अशा दोन गावांचा पाण्यावरून वाद होता. तिथे हीच रीत वापरली, एका फेरीत दोन्ही गावांच्या लोकांनी भूमिकांची अदलाबदल केली आणि पुढे पाणलोटाची एक समिती उभी राहिली. हे वाचून मला वाटलं होतं की आपल्या पाटावर तर हे हमखास जमेल. हा आत्मविश्वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.

शाळेच्या व्हरांड्यात खडूने पाट काढला आणि त्याच्या कडेने सहा शेतं. पाणी म्हणजे मक्याचे दाणे. पत्रावळीत दाणे घालून ती पहिल्या शेताकडे द्यायची. प्रत्येकाने आडव्या धरलेल्या गमछाच्या मागे हवे तितके दाणे काढून घ्यायचे आणि पत्रावळ पुढे सरकवायची. गव्हाला ५ दाणे लागतात, कांद्याला ८, हरभरा २ दाण्यांवर निघतो. प्रत्येक शेताचे दोन खेळाडू, पैकी एक बोलणारा आणि एक हिशेब ठेवणारा. एक मुलगी पाटकरी, म्हणजे पाटाची देखरेख करणारी. तिला बोलायची मुभा, पण दाण्यांना हात लावायची नाही. बाकीचे बघे. त्यांतले दोघे गमछाच्या आतल्या बाजूला वही घेऊन बसले होते, कोणी किती घेतले ते मुकाट्याने टिपायला.

शिवाय प्रत्येक शेताला एक चिठ्ठी, जी फक्त त्यानेच वाचायची. “वैशाखात मुलीचं लग्न आहे, कांदा लावल्याशिवाय भागत नाही.” “सोसायटीचं कर्ज थकलंय.” “विहिरीवरची मोटर जळाली.” ह्या चिठ्ठ्यांवर मी आदल्या रात्री दोन तास घालवले होते आणि मला त्यांचा फार अभिमान होता.

शेतं चिठ्ठ्या टाकून वाटली. फक्त वरच्याला मी मुद्दाम पहिलं शेत दिलं आणि खालच्याला सहावं. म्हणजे खऱ्या आयुष्यात जो जिथे, तो खेळातही तिथेच. पुढे अदलाबदल करायची, तेव्हा दोघांना एकमेकांची जागा कळेल, असा माझा बेत.

पहिली फेरी, ३० दाणे, बोलायचं नाही. सगळ्यांनी गहू केला असता तर प्रत्येकी पाच असा हिशेब बरोबर बसत होता. वहीत आलं ते असं : १०, ८, ७, ५, आणि शेवटच्या दोघांना काहीच नाही. हसाहशी झाली. खालचा रिकामी पत्रावळ उलटी करून दाखवत म्हणाला, “बघा मॅडम, आमच्याकडे असंच असतं.” वरचाही हसला. इथपर्यंत सगळं ठीक.

दुसरी फेरी, २६ दाणे, आणि आता बोलायला परवानगी. पाटकरी झालेल्या मुलीने चांगलाच पुढाकार घेतला. प्रत्येकी ४ आणि उरलेले २ गुरांना प्यायला, असं सर्वानुमते ठरलं. पत्रावळ फिरली. शेवटच्या शेतापर्यंत पोचले ३ दाणे आणि गुरं तहानलेली. वहीप्रमाणे पहिल्याने ६ घेतले होते, दुसऱ्या शेतावरच्या मुलीने ५, बाकीच्यांनी ठरल्याप्रमाणे. म्हणजे सगळी लबाडी तीन दाण्यांची. पण तीन दाणे कोणी घेतले हे उघड होईना तेव्हा सहाच्या सहा शेतांवर संशयाची नजर फिरायला लागली. पहिल्या फेरीत ३० दाण्यांची उघड लूट झाली होती तेव्हा कोणी चिडलं नव्हतं. मला हे फार बोलकं वाटलं. मी वहीत खूण केली आणि पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं.

तिसरी फेरी. दुष्काळ, दाणे २०. वरचा आणि खालचा यांच्या जागा बदलल्या. खालचा आता पाटाच्या तोंडाशी. गमछाआड त्याने एकेक दाणा मोजून काढला. वहीत आकडा पडला ९. पुढे ५, ३, २, १. सहाव्या शेतावर आता वरचा, त्याच्या हाती रिकामी पत्रावळ. त्या शेताची चिठ्ठी मी लिहिली होती : “तुमच्या वाट्याला पाणी आलं नाही. आज रात्री दार उचलायला जाल का?”

वरच्याने चिठ्ठी वाचली आणि त्याच्यातला नट जागा झाला. गमछा तोंडाला बांधला, कमरेत वाकला आणि चवड्यांवर, मांजरासारखा, एकेक पाऊल टाकत पाटाच्या तोंडाकडे निघाला. मधेच थांबून कान टवकारले. काल्पनिक कुत्रं भुंकलं, तो दचकला. व्हरांडा हसून फुटला. मीही हसले, हे लिहून ठेवायला हवं.

खालचा उठला, पत्रावळीला लाथ घातली. “मन्हा बाप चोर नही शे!”

त्याच्या मुठीतले मक्याचे दाणे पार हातपंपापर्यंत उडाले. तो चपला न घालताच फाटकातून बाहेर गेला.

चूक कुठे झाली

गेल्या वर्षी रब्बीच्या पाण्यात त्याच्या वडिलांवर रात्री दार उचलल्याचा आळ आला होता आणि चार माणसांसमोर त्यांना चावडीवर उभं केलं गेलं होतं. मला हे माहीत नव्हतं. पण ‘माहीत नव्हतं’ ही सबब पुरत नाही. आदल्या दिवशीच्या भांडणात “रात्री दारं उचलायला कोण येतं” हे वाक्य माझ्या कानावर पडलं होतं आणि मी ते सरळ उचलून चिठ्ठीत घातलं होतं. खेळ खरा वाटावा म्हणून. कोणाच्या तरी घरातली जखम मी सामान म्हणून वापरली आणि आधी विचारलंही नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. तो गेला तेव्हा पावणेबारा झाले होते आणि खिचडी तयार होती. मी म्हटलं, “चला, जेवून घेऊ, नंतर बोलू.” नंतर बोललो नाही, कारण दुपारी आरोग्य शिबिराचे पाहुणे यायचे होते. चौदा-पंधरा मुलं पहिल्या नाहीतर सहाव्या शेतावरचा राग, लाज, संशय अंगावर तसाच ठेवून हात धुवायला गेली. सोंग घेतलं, उतरवलं नाही.

हे उतरवणं ऐच्छिक नसतं. युरोपात, विशेषतः नॉर्डिक देशांत, प्रौढ माणसं दिवसदिवस भूमिका जगण्याचे खेळ खेळतात. तिथे भूमिकेतली भावना खऱ्या आयुष्यात झिरपण्याला ‘ब्लीड’ असा एक शब्दच पडलाय. उलटही होतं, आयुष्यातलं भूमिकेत झिरपतं. आमच्या व्हरांड्यात ते दोन्ही बाजूंनी एकदम झालं. आपल्याकडे सोंगं आणणाऱ्या माणसाला विचारा, चेहऱ्याला फासलेला रंग नुसत्या पाण्याने जात नाही, आधी तेल लावावं लागतं. माझ्या बेतात तेलाला वेळच ठेवला नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, जी मला नंतरच उमगली. अदलाबदल केली की समज आपोआप येते, हे खोटं आहे. भूमिकांची अदलाबदल ही युक्ती व्हिएन्नातले मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी सायकोड्रामात, म्हणजे नाट्यातून करायच्या मानसोपचारात, रुजवली. तिच्यात दुसऱ्याच्या जागी बसून त्याच्या तोंडून ‘मी’ म्हणून बोलायचं असतं, त्याची नक्कल करायची नसते. नक्कल ही बाहेरून केलेली असते. वरच्याने जो चोर रंगवला तो त्याच्या गावाच्या पारावरचा चोर होता. जागा बदलून त्याच्या मनातलं चित्र जरासुद्धा हललं नाही, उलट त्याला टाळ्या मिळाल्या.

दुपारी माझ्या वहीत मी काय लिहिलं होतं? ‘भावनिक सहभाग उत्तम.’ ते पान मी फाडलेलं नाही.

आप्पांचा प्रश्न

संध्याकाळी शाळेच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. डोक्याला पागोटं, हातात काठी, वय पंच्याहत्तरीच्या पुढे. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. पूर्वी ते पाटकरी होते. सकाळचा गोंधळ त्यांच्या कानावर गेला होता. त्यांनी खडूचा पाट बघायला मागितला. अर्धा पुसला गेला होता. काठीच्या टोकाने त्यांनी सहा शेतं मोजली आणि विचारलं, पाटकरी कोण होतं? मी मुलीकडे बोट दाखवलं आणि नियम सांगितला.

“पाटकरीले हात काबर नही?” आप्पा म्हणाले. “कोनी ठरावं हाई?”

मी ठरवलं होतं. मला वाटलं होतं, पाटकऱ्याला अधिकार दिला तर खेळात भांडणच उरणार नाही.

मग आप्पा पाणी वाटायच्या फड पद्धतीविषयी बोलले. जे पुस्तकात वाचलं होतं ते आता काठीने आखून समोर आलं. पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवर काही शतकं चालत आलेली ही पद्धत. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाट बघायला पाटकरी, राखणीला जागल्या, शेतात पाणी फिरवायला बारेकरी. शेतकऱ्याने आपल्या शेतात स्वतः पाणी घ्यायचंच नाही, ते काम ह्या माणसांचं, आणि त्यांची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची. पाणी कमी असेल तर कोणता फड कोरडा ठेवायचा ते आधीच ठरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बहुतेकांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात.

आप्पांनी काठी पहिल्या शेतावर ठेवली, मग सहाव्यावर. म्हणजे कोणी कायमचा वरचा नाही आणि कोणी कायमचा खालचा नाही.

“आते तसं काही ऱ्हायनं नही,” असं म्हणून ते उठले. वर लाटीपाडा, मालनगावसारखी धरणं झाली, विहिरी झाल्या, मोटरी आल्या, वाटण्या झाल्या, तुकडे विकले गेले. ते सगळं ते चालता चालता बोलत होते, आम्हाला नव्हे, स्वतःशीच.

मी त्या रात्री झोपले नाही असं म्हणणार नाही, दमले होते, झोपले. पण झोपण्याआधी एक गोष्ट स्पष्ट झाली होती. माझ्या खेळात सहाव्या शेताला पाणी मिळणं जवळजवळ अशक्य होतं आणि ते अशक्य मी केलं होतं. शेतं पक्की, पाणी वरून खाली, पाटकरी लुळा. मग मुलांना सांगायचं की आता समंजसपणे वागा. भांडण मुलांच्या स्वभावात कमी आणि माझ्या खडूच्या रेषांत जास्त होतं.

जॉन पॉल लेडराख हे शांतता-अभ्यासक १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेत काम करत असताना तिथले सहकारी त्यांना हेच बजावत होते. ‘संघर्ष सोडवणं’ म्हणजे बऱ्याचदा खऱ्या मागण्या गप्प करणं होतं, हा त्या सहकाऱ्यांचा संशय. म्हणून लेडराख ‘संघर्षाचं परिवर्तन’ हा शब्द वापरायला लागले. माणूस, नातं, व्यवस्था आणि संस्कृती अशा चारही अंगांनी भांडणाकडे बघायचं. हे मी वर्गात शिकवते, फळ्यावर चार चौकोन काढते. आप्पांनी काठीने सहा शेतं मोजून दाखवेपर्यंत तिसरा, व्यवस्थेचा चौकोन मला माझ्याच खेळात दिसला नव्हता.

गोठा

चौथ्या दिवशी सकाळी मी खालच्याच्या घरी गेले. तो गोठ्यात कुट्टी मशीनवर मक्याची ताटं घालत होता. वडील शेतात गेले होते, आईने चहा दिला आणि ती आत गेली. मी माफी मागितली, चिठ्ठीबद्दल आणि हसण्याबद्दल. शिक्षकाने माफी मागितली की मुलांना फार अवघडल्यासारखं होतं. तो मशीन बंद न करताच ऐकत होता. मग त्याने खटका खाली केला.

“मॅडम, नक्कल केली त्याचं मला एवढं नाही,” तो म्हणाला. “मी नऊ घेतले. चार घ्यायचे असं मनात होतं. नऊ घेतले. कोणी सांगितलं पण नव्हतं.”

मी काहीच बोलले नाही.

“माझ्या चिठ्ठीवर काही विशेष पण नव्हतं. लग्न नाही, कर्ज नाही.”

ज्याला आत्मपरीक्षण म्हणतात ते वर्गात मागितलं तर मुलं ‘मी जास्त अभ्यास करायला हवा’ असलं काहीतरी लिहून देतात. इथे ते कुट्टीच्या मशीनशेजारी आलं होतं, आणि कोणी मागितलं नव्हतं. आदल्या सकाळी जो उद्रेक मी बापाच्या अपमानाचा समजले होते, त्यात अर्धा भाग ह्या नऊ दाण्यांचा होता. समोर बापाची नक्कल चाललीय आणि आपल्या मुठीत वरच्या गावाचे दाणे आहेत, अशा वेळी माणूस लाथ पत्रावळीलाच मारणार.

मी विचारलं, संध्याकाळी येशील का, आणि तुझ्या वडिलांचा विषय निघाला तर चालेल का. तो म्हणाला, विचारून सांगतो. शेतात जाऊन वडिलांना विचारून आला. “हो म्हणाले. नाव घेऊ नका म्हणाले, पण सांगा म्हणाले.” वरच्यालाही मी वेगळं विचारलं. तो आधी “मी काय केलं, खेळच तर होता” ह्यावर अडून बसला, पण येतो म्हणाला.

फोन

संध्याकाळी व्हरांड्यात गोल करून बसलो. पहिल्यांदा ज्याने ज्याने शेत घेतलं होतं त्याने गमछा गळ्यातून काढून मधे ठेवायचा आणि स्वतःचं नाव सांगायचं. ऐकायला पोरकट वाटतं. सहा गमछे मधे पडले तेव्हा पोरकट वाटलं नाही.

मग तीनच प्रश्न. खेळात तू काय केलंस? करताना अंगात काय झालं? आणि हे आधी कुठे केलंयस किंवा बघितलंयस? पहिल्या दोन प्रश्नांना धडाधड उत्तरं आली. दुसऱ्या शेतावरची मुलगी म्हणाली, तिने ५ घेतले कारण पहिल्याने जास्त घेतले असणार अशी तिची खात्री होती. वरचा म्हणाला, त्याने ६ घेतले कारण आपण सोडलेले दोन दुसरी घेणार हे त्याला ठाऊक होतं. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. तीन दाण्यांची लबाडी अशी झाली होती. हावेपेक्षा भीतीच तिच्यात जास्त होती.

तिसऱ्या प्रश्नाला कोणी तोंड उघडेना. तेव्हा मी वरच्याला विचारलं, पुन्हा सहाव्या शेतावर बसशील का? नक्कल करायची नाही, मी विचारीन त्याला फक्त ‘मी’ म्हणून उत्तर द्यायचं. तो खडूच्या सहाव्या चौकोनात मांडी घालून बसला.

“रात्री किती वाजता निघालात?”

“अं... बारा.”

“पाणी येणार होतं किती वाजता?”

“आठ.”

“आठ ते बारा काय केलंत?”

त्याला उत्तर येईना. चार तास शेतात बसलेला माणूस काय करतो हे त्याच्या चित्रात नव्हतंच, तिथे चोर थेट बारा वाजता चवड्यांवर उगवत होता. तो मान वळवून खालच्याला म्हणाला, “काय केलं होतं रे, आधी?”

खालचा म्हणाला, “फोन लावला. आठ वेळा.”

“कोणाला?”

“तुझ्या बापाला.”

बराच वेळ कोणी बोललं नाही. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. वरचा चौकोनातून उठला नाही. खाली बघूनच म्हणाला, “फोन चार्जिंगला होता. टीव्हीशेजारी. मी बघत होतो. पप्पा म्हणाले, वाजू दे.” आणि जरा थांबून, “मी पण वाजू दिला.”

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ते होतं.

कोणी कोणाला मिठी मारली नाही. खालचा म्हणाला, “नऊ वेळा असेल, एखाद्या वेळी.” का कोण जाणे, दोघंही हसले. मी सत्र तिथेच संपवलं. असा क्षण हाती आला की त्यावर दोन वाक्यं बोलायची शिक्षकाला फार खाज सुटते.

पुन्हा खेळ

पाचव्या दिवशी खेळाचे नियम मुलांनी बदलले. मी फक्त खडू दिला. प्रत्येकाला दोन छोटी शेतं मिळाली, एक वरच्या फडात आणि एक खालच्या. पाटकरीला हात मिळाले. दाणे तीच वाटणार, आणि सुरुवात शेपटापासून. गमछाचा आडपडदा काढून टाकला. चिठ्ठ्या ठेवल्या, पण आता ज्याची त्यानेच लिहायची आणि वाटलं तर वाचून दाखवायची.

दाणे तेवढेच, २०. वाटप दहा मिनिटांत झालं, एकही तक्रार नाही. मग खालच्या फडात कांदा की हरभरा यावर पाऊण तास जुंपली. एक मुलगा म्हणाला, “मुलीच्या लग्नाला हरभरा विकून पैसे येतात का? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही आणता येत.” पाटकरी झालेली मुलगी वैतागून म्हणाली, “आधी दाण्यांकडे बघायचे, आता सगळे माझ्याकडेच बघताय.” शेवटी निम्मा फड कांदा, निम्मा हरभरा असं ठरलं. आप्पा असते तर त्यांनी ते खपवून घेतलं नसतं, कारण एका फडात दोन पिकं म्हणजे पाण्याच्या पाळीचा विचकाच. भांडण मिटलं नव्हतं. ‘चोर कोण’ यावरून ते ‘लावायचं काय’ यावर आलं होतं आणि ह्या भांडणात तोंड लपवायची वेळ कोणावर आली नाही.

हा व्हरांडा होता, पाट नव्हे, हे मी विसरलेले नाही. खऱ्या पाटावर दोन गावांच्या जमिनी आता अशा विभागलेल्या आहेत की वरच्याचा तुकडा खाली नाही आणि खालच्याचा वर नाही. खडू पुसून त्या बदलता येत नाहीत. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थेच्या समितीत वरच्या, मधल्या आणि शेपटाकडच्या शेतकऱ्यांना सारखं प्रतिनिधित्व दिलंय. म्हणजे जागेचा हा पेच सरकारलाही ठाऊक आहे. पण समितीत खुर्ची मिळणं वेगळं आणि रात्री आठ वाजता दाराशी पाणी पोचणं वेगळं. विशीतल्या पन्नास मुलांनी मक्याचे दाणे वाटल्याने त्यात फरक पडला असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

सहाव्या दिवशी गाळ काढताना दोघं एकाच टोळीत होते. ते मी घडवून आणलं नाही, सरांच्या यादीत तसं आलं होतं.

जानेवारीत पाटाला पाणी सुटलं. फेब्रुवारीत खालच्याचा मेसेज आला. दोन पाळ्यांपैकी एका पाळीला पाणी शेवटपर्यंत आलं, दुसरीला नाही. वडील रात्री गेले होते का, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात वरचा स्टाफरूमच्या दाराशी आला. त्याला खेळाच्या चिठ्ठ्या हव्या होत्या. गावात भजनाच्या दिवशी दहा-बारा माणसं जमतात, त्यांच्यात खेळून बघतो म्हणाला, त्याचे पप्पा पण असतात. मी पाकीट दिलं. त्याने उभ्या उभ्याच चिठ्ठ्या चाळल्या, दार उचलण्याची माझी चिठ्ठी काढून परत माझ्या टेबलावर ठेवली, आणि खिशातून वहीच्या कागदाची एक घडी काढून तिच्या जागी घातली. मी बघू म्हटलं तर त्याने उलगडून दाखवली. ती पहिल्या शेताची चिठ्ठी होती.

“तुमचं पाणी भरून झालंय. जेवण चाललंय. सहाव्या शेतावरून फोन येतोय. उचलणार का?”